झऱ्यातून आलेली घंटा

मी एक जुनी धुण्याची शिळा आहे. बायांनी पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकून मला घासलं, म्हणून एके काळी मी चकचकायचे. चर्चमधल्या संगमरवरालाही ते तेज नव्हतं, उगाच कशाला लाजू?

मित्रांनो, आमचं पेरव्हाल गाव कड्याच्या पायथ्याला चिकटलेलं. वर चुनखडीचं उजाड पठार. तिथला पाऊस खडकात मुरतो आणि कड्याच्या भोकातून माझ्यापाशी येतो. तेच गावाचं पाणी. गावाचा सगळा इतिहास माझ्या अंगावरून वाहून गेला. बाळंतिणींच्या चादरी, नवरदेवांचे सदरे. मोठी लढाई लागली, तेव्हा पुरुषांचे सदरे यायचेच थांबले. बाया बोलेनाशा झाल्या, नुसत्या धुणं बडवायच्या लाकडी थाप्या वाजत.

पठारावर एक विवर आहे. मेंढपाळ मेलेली मेंढरं त्यात लोटायचे, छातीवर क्रूसाची खूण करायचे आणि मागे न बघता निघायचे. त्याला तळच नाही म्हणत. मला मात्र पाण्यातून ऐकू यायचं. आत, खडकाच्या पोटात, काहीतरी घसटत घसटत खाली येत होतं.

एका वसंतात पाण्याला कुजकट वास सुटला. लोकरीचे पुंजके माझ्या कडेला अडकले. घरोघरी ताप आला. म्हातारी झेली माझ्यावर धुणं घासत होती. तिची सून ओदिल तान्ह्यासाठी बादली भरत होती. तेवढ्यात किणकिण झाली. वारा नव्हता, आसपास मेंढरू नव्हतं. भोकातून एक पितळी घंटा गडगडत आली आणि मला टेकून थांबली.

झेलीने ती उलटून पाहिली. आत तिच्या नवऱ्याने कोरलेली खूण होती.

"ही आपल्या एडक्याच्या गळ्यातली. एडका कुठंय गं?"

"मेला की हिवाळ्यात. ह्यांनी विवरात ढकलला. सगळेच ढकलतात, आत्याबाई."

"बादली ओत."

"अहो, पोर तहानलंय!"

"ओत म्हणते ना! मेलेला एडका पाजतेस का माझ्या नातवाला? पावसाच्या पिंपातलं घे."

ओदिलने बादली उपडी केली. पोर वाचलं.

झेली काठी टेकत पठारावर गेली आणि विवराच्या तोंडाशी खांबाला ती घंटा बांधली. मेंढपाळांना म्हणाली, "टाकायचंय ना? खुशाल टाका. पण आधी ही वाजवा. खाली झऱ्याशी मी प्यायला पेला भरून उभी असेन."

कुणी वाजवली नाही, आणि टाकलंही काही नाही.

आता घरोघरी नळ आहेत. नळाला पाणी याच झऱ्याचं, पण इथे कुणी गुडघे टेकत नाही. माझ्यावर शेवाळ चढलंय.

काल पुन्हा पाण्यात किणकिण झाली. झेलीने खांबाला बांधलेली तीच घंटा. माझ्या कडेला टेकून आहे, तिच्या मागे पाणी गढूळ होत चाललंय. मित्रांनो, कुणीतरी या, वाकून बघा. मला ती उचलता येत नाही.