टॉलिव्हर बाईंच्या शाळेविरुद्ध दोन मिनिटं

आमची शाळा जूनमध्ये बंद झाली. असो. तसं काही झालेलंच नाही, असं धरून सुरुवात करतो.

शाळा काढली वर्नेल टॉलिव्हर बाईंनी, गोदीजवळच्या बंद पडलेल्या बोलिंग हॉलमध्ये. पैसा सरकारी, कारभार बाईंचा. म्हणून पाच वर्षांनी शहराच्या शिक्षण मंडळाकडून परवाना नव्याने घ्यायचा. प्रवेश सोडतीने. माझी आई जन्मभर लॉटरी खेळली. तिला लागली ती एवढीच.

पहिल्या वर्षी आम्ही एक्केचाळीस. चेंडू घरंगळवायच्या दोन लेन मिळून एक वर्ग, साठ फूट लांब. पुढच्या बाकावर शिकवलेलं मागच्या बाकावर पुढच्या आठवड्यात पोचायचं. पाचव्या वर्षी तीनशे बारा झालो, तेव्हा शेजारची लाँड्रीही घेतली.

बाईंना नागरिक घडवायचे होते, म्हणून सगळं ठरावाने चाले. आणि प्रत्येक ठरावाविरुद्ध कुणीतरी बोलायलाच हवं. कुणी उठलं नाही, तर चिठ्ठी टाकायची. जेवणातल्या गाजराविरुद्ध मी बोललो होतो. गाजर अजून परतलेलं नाही.

परवान्याची सुनावणी आली. वक्त्याला दोन मिनिटं. शाळेच्या बाजूने अकरा मुलं तयार झाली. विरोधाची चिठ्ठी निघाली माझ्या नावाची.

"बाई, ते मंडळ आहे, आपला वर्ग नाही," रेनिटा म्हणाली. ती माझी जिवलग मैत्रीण. "आणि हे माकड खरंच बोलेल हो!"

"मग नियम काय फक्त गाजरापुरता होता?" बाई म्हणाल्या. मग माझी कॉलर सारखी करत हळूच, "कोर्टलँड, नीट बोल हं. माझी लाज काढू नकोस."

नीट बोललो. "छत चार ठिकाणी गळतं. खाली चार बादल्या. आमची प्रयोगशाळा तीच," म्हणालो. मंडळ हसलं. हसलं की मला चेव येतो. "सहावीतल्या नऊ जणांना धड वाचता येत नाही. मतदान मात्र फार सुरेख करतात." सगळं खरं होतं. माझ्याआधी रेनिटा तिच्या दोन मिनिटांत नुसती रडली होती.

"मुलांनीच सांगितलं, आणखी काय हवं?" अध्यक्ष म्हणाले. पाच विरुद्ध चार, परवाना गेला.

परतीच्या बसमध्ये बाईंनी मला कागद दिला. दहापैकी दहा.

"विरोध करावा तर असा," म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं.

रेनिटा आता दोन बस बदलून नदीपलीकडच्या शाळेत जाते. माझ्याशी बोलत नाही. हॉलच्या दाराला साखळी आहे. बाई अजून रोज आठ वाजता तिथवर चालत येतात, कुलूप हलवून बघतात.

सबब मंडळास विनंती, की सदर सुनावणीतील वक्ता क्रमांक बारा याची दोन मिनिटे न बोललेली समजावीत, मतदान पुन्हा घ्यावे, आणि येत्या सोमवारी आठ वाजता श्रीमती टॉलिव्हर यांना दार उघडू द्यावे. विरोधात बोलण्यास कुणी हवे असल्यास चिठ्ठी काढावी. अर्जदाराचे नाव त्यात टाकू नये.