वॉर्डप्रमुखांचा वेग

तैवानमधल्या आमच्या च्याई शहरातल्या वॉर्डाचे प्रमुख त्साई युंग-फू पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध कुणीच नव्हतं. तरी त्यांना फलक हवा होता, तोही बाजाराची अख्खी भिंत झाकणारा.

"पोरी, मला वेगवान दाखव," आमच्या छपाईच्या दुकानात येऊन ते म्हणाले. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माणूस थांबतच नाही."

ते थांबत नसत हे खरंच होतं, कारण ते निघतच नसत. सकाळी देवळासमोर चहाच्या टेबलाशी बसले की जेवायलाच उठायचे.

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यांनी उत्सवातला एक फोटो आणला होता. त्यात ते स्वतः आणि शेजारी त्यांची बायको, श्यू-ओ काकू, लाल जाकिटात, गळ्यात पोपटी रुमाल. मी संगणकावर साहेबांना कापून बाजूला ठेवलं. मग त्यांच्या शर्टावरची केसाएवढी उभी पट्टी निवडली आणि रबरासारखी पार कडेपर्यंत ओढली. अशी ओढली की पट्टीतल्या प्रत्येक ठिपक्याची लांबच लांब रेघ होते. पुढे माणूस तसाच ठेवायचा. तो वाऱ्यासारखा सुटलाय असं वाटतं.

साहेबांचा शर्ट मात्र राखाडी होता.

"हे काय? भातपेजेचा लोट आलाय माझ्यामागे!"

"रंग तुमच्याच अंगावरचा आहे, साहेब."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मग हिचा ओढ की."

"काकूंचा? पण मग काकू फोटोत दिसणार नाहीत."

"नाहीतरी ती मागेच असते!"

मी काकूंच्या खांद्यावरून पट्टी घेतली आणि ओढली. लाल, पोपटी, मध्येच साखळीची सोनेरी रेघ. साहेब पुढे असे झळकले, जणू आत्ताच विमानातून उतरलेत. खूश होऊन त्यांनी मला पेरूची पिशवी दिली.

फलक लागला त्या दिवशी काकू भाजी घ्यायला आल्या आणि भिंतीसमोर थबकल्या. तेवढ्यात साहेबही कौतुक ऐकायला तिथे पोचले.

"अहो, हे माझं जाकीट ना?"

"मग! सगळीकडे तूच तर आहेस."

"आणि तोंड?"

"तोंड कशाला हवंय? वेग बघ ना!"

कोबीवाली फिसकन हसली. काकू भाजी न घेताच घरी गेल्या आणि वॉर्डाचा फोन नवऱ्याच्या हातात ठेवला. आजवर तो त्याच उचलायच्या. तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, म्हाताऱ्यांचे भत्ते, सगळं त्याच बघत. साहेबांना फोन घ्यायचा एवढंच ठाऊक. पुढे काय करायचं ते नाही. आंधळ्या लिन आजींनी भत्त्याचं विचारलं, तर म्हणाले, "फलक पाहिलात का?"

आजींनी हे गल्लीभर सांगितलं.

अर्ज भरायची मुदत संपायच्या आत काकूंनी स्वतःचा अर्ज भरला. साहेबांना ते चहाच्या टेबलावर कळलं. धावत घरी गेले, म्हणे. फलकाबाहेर त्यांना धावताना लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"माझ्याविरुद्ध? लोक काय म्हणतील?"

"लोकांनीच सांगितलंय उभी राहा म्हणून. जेवण झाकून ठेवलंय."

काकू आमच्या दुकानात आल्या. "माझा साधा फोटो टाक गं. मागे काही नको."

"थोडा रंग तरी?"

"नको. दुसऱ्या कुणाला ओढायला लागेल."

काकू भरघोस मतांनी निवडून आल्या. साहेबांना जी मतं पडली, ती बहुतेक चहाच्या टेबलावरची होती, आणि तीही सगळी नाहीत.

हल्ली काकू सकाळीच गटारं बघायला निघतात. साहेब टेबलाशी बसून पाहुण्यांना सांगतात, "हरलो कुठे? पद घरातच राहिलं ना!"

"राहिलं की," चहा ओतणारे हुआंगभाऊ म्हणतात. "तुम्हीच तेवढे बाहेर."