पेशीतला लाल दिवा

हाँगकाँगच्या आमच्या प्रयोगशाळेबाहेर सकाळपासून कर्करोगाच्या रुग्णांची रांग होती. काहीजण नशीब फिरावं म्हणून देवळातली भिरभिरी घेऊन आले होते. आत पडद्यावर कर्करोगाच्या पेशी दिसत होत्या आणि रुथेनियम या धातूपासून बनवलेल्या आमच्या औषधाचा लाल उजेड थेट पेशीच्या केंद्रात शिरत होता. लाल म्हणजे आमच्याकडे शुभ. लोकांनी हात जोडले.

"बाकीची औषधं अंधारात चाचपडतात," प्राध्यापक क्वोंग म्हणाले. "आमचं औषध स्वतःचा दिवा घेऊन जातं. उजेड कधी खोटं बोलत नाही."

एखाद्या ज्योतिष्यालाही इतकं ठाम बोलणं जमलं नसतं. आम्ही सहकारी माना डोलावत होतो.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मोकबाईंनी जाहीर केलं की आपण रुग्णालयातले उपचार थांबवून याच औषधाची वाट पाहणार. त्यांची समजूत घालायला सोबत आलेल्या त्यांच्या डॉक्टर यिप उभ्या राहिल्या.

"सर, या पेशी जिवंत आहेत ना?"

"म्हणजे काय! जिवंतच."

"मग निळा थेंब टाका."

हा निळा रंग जिवंत पेशी आत घेत नाही. मेलेलीत मात्र तो बेधडक शिरतो. सरांनी हसत परवानगी दिली. थेंब पडला आणि पडद्यावरच्या सगळ्या पेशी निळ्या झाल्या. यिपबाईंनी सूक्ष्मदर्शकाखालची पेशींची बशी जराशी सरकवायला लावली. त्या भागावर औषध चमकवणारा प्रकाशझोत पडलाच नव्हता आणि तिथे एकही पेशी निळी नव्हती. झोत क्षणभर लावून पाहिला, तर लाल ठिपके केंद्राबाहेरच अडकलेले.

चमत्कार तो एवढाच. औषध चमकावं म्हणून आम्ही झोत टाकायचो, झोत पडला की औषध विखारी व्हायचं, पेशी मरायची, आणि मेलेल्या घराच्या उघड्या दारातून ते आत जायचं.

मोकबाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे माझ्या पोटात कुणी दिवा लावला नाही, तर औषध दाराबाहेरच बसणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निळ्या रंगाची बाटली रोज आमच्याच फळीवर असायची आणि थेंब टाकावा असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं.

मोकबाई भिरभिरं उचलून यिपबाईंबरोबर रुग्णालयात गेल्या. तेव्हा मंडळी, काही चमकलं तर हात जोडण्याआधी दोन गोष्टी विचारा: दिवा कुणी धरलाय, आणि निळा थेंब टाकून पाहिला का?