घाई नाही, सावकाश या

"म्हणजे खोटं बोलणं?" अक्कानं विचारलं.

"खोटं नाही हो," इंग्रजी शिकवायला आलेली बाई म्हणाली. "डाउनप्ले करणं म्हणजे गोष्ट आहे त्याहून लहान करून सांगणं. दुखणं असतं डोंगराएवढं, माणूस म्हणतो, जरासं ठणकतंय."

"अगं बाई! मग माझी नोकरीची सव्वीस वर्षं हेच ऐकण्यात गेली की!"

वर्ग खळाळून हसला. वर्ग म्हणजे अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममधले सहा ऑपरेटर. नवं सॉफ्टवेअर इंग्रजीत आलं, म्हणून ड्यूटीच्या आधी तासभर ही शिकवणी. अक्का सगळ्यांत थोरली. हेडफोन लावून लावून तिच्या केसांत कायमची पन्हळ पडली होती. आरडाओरडा करणाऱ्याच्या छातीत निदान ओरडण्यापुरता वारा असतो, हे तिला ठाऊक होतं. पण "तुम्हाला उगाच त्रास देतोय हं" असा मऊ आवाज आला, की तिच्या अंगावर काटा यायचा.

"पण बाई, असं लहान करून सांगतात ते कुणासाठी? स्वतःसाठी, की ऐकणाऱ्यासाठी?"

बाईनं पुस्तक चाळलं. "ते काही दिलेलं नाही. तुम्ही वाक्यात उपयोग करा बघू."

"माझा दादा सगळंच डाउनप्ले करतो."

"छान! उदाहरण?"

"शिंपी आहे तो. मशीनची सुई बोटातून आरपार गेली, तर म्हणतो, टाका बोटावर पडला, कापड वाचलं."

पुन्हा हशा. अक्काही हसली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कुणासाठी?

सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या कानात दादाचाच आवाज आला.

"धाकटे, तूच का? बरं झालं. तुझा मोबाईल लागेना."

"ड्यूटीवर तो कपाटात असतो रे. काय झालं?"

"काही नाही गं. पाठीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय. तुझी ड्यूटी संपली की ये. घाई नाही, सावकाश ये."

तिची बोटं सवयीनं कीबोर्डवर चालू लागली. "छातीत दुखतंय?"

"छे!"

"घाम?"

"दुकानात नेहमीच उकडतं."

"श्वास लागतोय?"

"बोलतोय ना तुझ्याशी?"

स्क्रीन हिरवी झाली. हिरवी म्हणजे साधी गाडी, तासाभरानं. अक्का थबकली. काहीतरी कमी होतं. ती त्याच्या आवाजामागची शांतता कानानं चाचपत गेली.

"दादा, मशीन का वाजत नाही?"

"दुकान बंद केलंय. पायरीवर बसलोय."

तिनं हिरव्याचं लाल केलं, म्हणजे डॉक्टरची गाडी, ताबडतोब. लगेच चौकट उघडली : बदलाचं कारण लिहा. तिनं लिहिलं, 'रुग्णानं दुकान बंद केलं आहे.'

कंट्रोल रूमचे साहेब धावतच आले. "अक्का, हे काय कारण झालं? डॉक्टरची एकच गाडी मोकळी आहे. आता खरा लाल कॉल आला तर? की सख्खा भाऊ म्हणून?"

"साहेब, आई गेली त्या दिवशीसुद्धा यानं दुपारी दुकान उघडलं होतं. कुणाचा तरी कोट द्यायचा होता म्हणून. हा माणूस अकरा वाजता कुलूप लावतो, म्हणजे लाल. परका असता आणि मला एवढं ठाऊक असतं, तरी लालच केलं असतं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "चुकलं तर सही तुमची."

"माझीच."

गाडी सुटली. अक्कानं पुढचा कॉल घेतला. मग त्याच्या पुढचा. आवाज एकदाही हलला नाही. फक्त टेबलाखाली पाय मात्र मशीनचं पायडल मारल्यासारखा हलत राहिला.

ड्रायव्हरचा निरोप आला : पोचलो तेव्हा शुद्ध हरपत होती, डॉक्टरनं वाटेतच जीव धरून ठेवला. अँब्युलन्समध्ये चढवताना पेशंट म्हणत होते, "उगाच तुमचा खोळंबा."

संध्याकाळी हॉस्पिटलात काचेपलीकडे नळ्यांमध्ये तो झोपलेला होता. "आजची रात्र जाऊ द्या, मग बोलू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याच्या खिशातली किल्ली अक्काच्या हातात ठेवली. दिवा-पंखा तरी बघून यावा म्हणून ती दुकानावर गेली.

दार उघडलं. मशीनवर कापड पांघरलेलं. कात्री म्यानात. भिंतीलगतच्या दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे ओळीनं टांगलेले, आणि प्रत्येकाला एकेक चिठ्ठी टाचलेली. 'बाह्या जोडायच्या आहेत. अस्तर आत गुंडाळून ठेवलंय.' 'काजं राहिली. बाई जाड आहेत, बटण सैल लाव.' 'गळा एक बोट उतरव, मुलीला घट्ट होतो.' अशा सतरा. पहिल्या चिठ्ठीतलं अक्षर रांगोळीसारखं रेखीव होतं. पुढे पुढे ते तिरकं, मोठं होत गेलेलं. शेवटच्या फ्रॉकवरच्या चिठ्ठीत नुसतं 'हे' एवढंच उमटलं होतं, आणि पुढे पेन्सिलीची एक लांबच लांब रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

अक्कानं तो फ्रॉक दोरीवरून काढला, उलटा केला, आणि काय राहिलंय ते शिवणीशिवणीतून बोट फिरवत शोधू लागली.