एबोची बहीण

नायजेरियातल्या न्नेवीच्या बाजारात शाळेचे गणवेश शिवणारी ओबियागेली त्या दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून पोट शिवत बसली होती. हो, पोटच. गादीचा स्पंज कापायचा, त्याला मऊ अस्तर लावायचं आणि कमरेला बांधायला नाडी घालायची. लहान पोट आधीच शिवून झालं होतं. हे मधलं, आणि पुढं एक मोठं लागणार होतं. शेजारची भाजीवाली डोकावलीच तर असावा म्हणून मांडीवर निळा गणवेश पसरला होता. हाताला सवय होती, टाके सरळ पडत होते. डोळ्यांना मात्र धार लागली होती.

लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. बाजारात बायका एकमेकींना अमक्याची आई, तमक्याची आई अशी हाक मारत. हिला नुसतं शिंपीण. दीर जेवायला आले की तिनंच वाढलेल्या ताटावर बसून भावासाठी दुसरी बायको बघायच्या गोष्टी करत. नवरा ओक्वुदिली मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता. पण माझं म्हणणं असं, की वाईट माणसांनी जगाचं जेवढं नुकसान केलं नसेल, तेवढं भावकीला भिणाऱ्या चांगल्या माणसांनी केलंय.

मूल दत्तक घेऊ या, असं तिनं एकदा धीर करून म्हटलं. ओक्वुदिलीनं आधी कानांवर हात ठेवले. परक्या रक्ताच्या पोराला त्याची भावकी जमिनीत वाटा देणार नव्हती, बैठकीत कोलाचं फळ फोडायचा मान देणार नव्हती. उकिरड्यावरून उचललेलं, असंच म्हणणार होती जन्मभर. मग त्यानंच तोड काढली. मूल घानातून आणायचं, तिथं आपल्याला कोण ओळखतंय? गावात सांगायचं, की मोठ्या डॉक्टरकडे बाळंतपणाला गेलो होतो. पोर आणायचं, पण ते तिच्याच पोटचं म्हणून.

तिनं मान डोलावली. बुडत्याला काडीचा आधार.

वकिलामार्फत कागद होत राहिले, पोटं बदलत गेली. मोठं पोट बांधून ती नवऱ्याबरोबर बसमध्ये चढली. लागोस मागं पडलं, मग बेनिन, मग टोगो. दर सीमेवर अनोळखी बायका तिला सावलीत बसवत, पाणी पाजत. पोट खाली उतरलंय, मुलगाच होणार, असं एकीनं छातीठोक सांगितलं. ओबियागेलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घानात आक्राला पोहोचताच लॉजच्या न्हाणीत तिनं ते पोट सोडलं आणि कचऱ्यात टाकलं.

अनाथाश्रमात पोर हातात आलं तेव्हा मात्र ती सगळं विसरली. एबो त्याचं नाव, जेमतेम महिन्याचा. आई बाळंतपणात गेलेली, बापाचा पत्ता नाही. त्याच्यामागून एक मुलगी आली आणि ओबियागेलीच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. ही एफुआ, एबोची बहीण, वय वर्षं पाच. पोराला डाव्या खांद्यावर घे, उजव्यावर तो झोपत नाही, असं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत खाणाखुणा करत बजावलं. आणि तसंच होतं. डाव्या खांद्यावर एबो गपगार झोपला.

आश्रमाच्या प्रमुख आँटी बेनेडिक्टा म्हणाल्या, दोघं सख्खी भावंडं आहेत, दोघांना एकत्रच द्यायचा आमचा विचार आहे. ओबियागेलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं तिला व्हरांड्यात नेलं.

"पाच वर्षांच्या मुलीला तू आत्ता जन्म दिलास म्हणून सांगू का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तिला घेतलं तर सगळंच उघडं पडेल. बोल, हा पोरगा हवा, की दोघांवरही पाणी सोडायचं?"

ती मिठाची गुळणी धरून बसली. पुढच्या दिवसांत ओक्वुदिलीनं आँटींच्या पायऱ्या झिजवल्या. सध्या झेपत नाही, वर्षभरात मुलीलाही नेतो, असा शब्द दिला. आश्रमात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं झोपत होती. एकाचं तरी भलं होईल, असा विचार करून आँटी शेवटी नमल्या. एकट्या एबोचे कागद झाले.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. ही दोघं पोराला घेऊन बाहेर आली, तर मागच्या सीटवर एफुआ आधीच बसलेली. आपल्याला न्यायचं नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं आपल्या फ्रॉकचं गाठोडं मांडीवर घेतलं होतं आणि भावासाठी शेजारी जागा ठेवली होती. आँटींनी खायला देते म्हणून तिला हाताला धरून उतरवलं. ती चटकन उतरली, कारण परत येऊन बसायचंच होतं. टॅक्सी सुटली. ओबियागेलीनं मागं वळून पाहिलं नाही, पण हाक ऐकली. ती एबोच्या नावानं होती.

घरी आनंदीआनंद. गल्लीतल्या बायका रीतीप्रमाणे गळ्याला पांढरी पावडर फासून नाचत आल्या, पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं. एबो मात्र रात्रंदिवस रडायचा, डाव्या खांद्यावरसुद्धा. ओबियागेलीला वाटायचं, हा बहिणीलाच हाक मारतोय.

सासूबाई गावाकडून ओमुग्वोला, म्हणजे बाळंतिणीचं करायला, आल्या होत्या. सुकी मासळी आणि तिखट मसाल्याचं सार त्यांनी चुलीवर चढवलं, पाणी उकळलं आणि सुनेला न्हाणीत नेलं. उशीर झाला असला तरी पोट शेकलंच पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. बाहेर अंगणात बायका गात होत्या. गरम फडका पोटावर दाबता दाबता सासूबाईंचा हात थांबला. चाचपडला, पुन्हा थांबला.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "इथं कधी काही नव्हतंच ना गं?"

सासूबाईंनी दाराकडे बघितलं आणि फडका पुन्हा पाण्यात बुडवला.

"आता मोठ्यानं विव्हळ. बाळंतीण शेकताना ओरडली नाही तर त्या बाहेरच्या भवान्यांना संशय येईल. मी मरेपर्यंत तोंड उघडायची नाही."

बघा, सुंठीवाचून खोकला गेला होता. जिची सगळ्यात जास्त धास्ती, तीच पाठीशी उभी राहिली. फक्त एकदा खोटं विव्हळायचं होतं. ओबियागेलीनं तोंड उघडलं आणि तिला खरंच रडू फुटलं.

"आई, त्याला एक बहीण आहे."

मग ती थांबेना. टॅक्सी, गाठोडं, हाक, सगळं सांगितलं. सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. विसर म्हणाल्या, पोरं विसरतात. ओबियागेलीनं तो हात बाजूला केला, लुगडं गुंडाळलं आणि ओल्या अंगानं अंगणात आली.

"ऐका," ती म्हणाली. "हा माझ्या पोटचा नाही. मी याला दत्तक आणलाय. आणि ही लाज लपवायला याच्या बहिणीला गाडीतून उतरवून आलेय."

गाणं बंद पडलं. थोरल्या जावेच्या मांडीवर एबो होता. तिनं त्याला चटईवर ठेवलं आणि हात पदराला पुसले. मघापासून त्याचे मुके घेणाऱ्या बायका एकेक करून उठल्या. एवढंसं पोर चटईवर हातपाय हलवत राहिलं आणि एकीनंही त्याला उचललं नाही. घटकेपूर्वीचंच पोर होतं ते. काय कमी झालं होतं त्याच्यात? मी विचारतो, काय कमी झालं होतं?

ओबियागेलीनं त्याला उचललं आणि पाठीशी बांधलं.

ओक्वुदिली दुकानातून धावत आला. नाक कापलंस, म्हणाला. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तिनं त्याला बोलू दिलं.

"झालं?" ती म्हणाली. "मी परत आक्राला निघालेय. ती पोर उतरली तेव्हा मी गप्प बसले. माझ्या एकटीच्या सहीवर ते तिला देतील की नाही, ठाऊक नाही. तू आलास तर बरं होईल."

तो आला नाही. सासूबाई न्हाणीच्या दारात हातात ओला फडका घेऊन उभ्या होत्या.

बसमध्ये एबो रडून रडून दमला आणि झोपला. मुलगी तिथं असेल का, दुसरीकडे धाडली असेल का, आपल्याला बघून तोंड फिरवेल का, याच विचारांत ओबियागेली बसली होती. मागं घर राहिलं होतं की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. घानाच्या सीमेवरच्या खिडकीत अधिकाऱ्यानं कागद चाळले आणि मान वर न करता विचारलं, मुलं किती?

"दोन," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. पाठीवर तर एकच होतं.

"दुसरी तुमच्याच देशात आहे, साहेब. तिला न्यायला आलेय."