जुनी नक्कल

कारकुनानं मॉनिटर अर्धा वळवला आणि पडद्यावर गरगरणाऱ्या गोलाकडे पेनाचं टोक रोखलं.

"बघा मॅडम. तुमचा पुरावा फिरतोय."

बाजूच्या टेबलावरची दोघं हसली. प्राजक्ता हसली नाही. तिची ही तिसरी तारीख. पहिल्या तारखेला साहेब बैठकीला गेले होते, दुसऱ्या तारखेला फाइल फार मोठी होती, आणि आज ती फिरत होती.

फाइल होती तीन मिनिटं चाळीस सेकंदांची. विजयदुर्गच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या घरांचे दिवे दिसावेत इतक्या जवळ, एक मोठी बोट एलईडीचे दिवे पेटवून मासे ओढत होती. त्या दिव्यांवर बंदी आहे. बंदीचा फलक मत्स्य खात्याच्या याच कचेरीच्या भिंतीवर, साहेबांच्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलेला होता. वाडीतल्या बाबलीनं आपल्या होडीतून, जिवावर उदार होऊन, हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं. किनाऱ्यावरून दोरीनं जाळं ओढणाऱ्यांच्या रापण संघाची तक्रार त्या एका फाइलवर उभी होती.

"पेन ड्राइव्ह आणायचा ना," कारकून म्हणाला.

"मागच्या वेळी आणला होता. बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायची परवानगी नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"बरोबर आहे. नाहीच आहे."

"मग?"

"मग लिंक नीट द्या. आमच्याकडे नेटचे हाल आहेत, ते काय आमच्या हातात आहे?" त्यानं रजिस्टर ओढलं. "पुरावा उघडला नाही, असं लिहितो. पंधरा दिवसांनी या."

त्यानं ते खरंच लिहिलं, आणि खाली सही करायला पेन तिच्या हातात दिलं. प्राजक्तानं त्या वाक्यापुढे लिहिलं: 'कचेरीच्या संगणकावर.' मग सही केली. कारकुनानं ते वाचलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

घरी येईपर्यंत तिच्या अंगाची लाही झाली होती. ती काही मोठी संगणकतज्ज्ञ नव्हती. कॉमर्सची पदवी, आणि बाकी सगळं मोबाइलवर बघून बघून शिकलेलं. देवगडच्या दोन आंबेवाल्यांच्या आणि चार होम-स्टेंच्या वेबसाइट ती करत असे. संघाचे व्हिडिओ तिनं क्लाउडवर, सगळ्यात स्वस्त जागा बघून ठेवले होते, आणि ती जागा समुद्रापार, हजारो किलोमीटर लांब होती. तिथून कचेरीपर्यंत यायला फाइलला वेळ लागत होता हे खरं. पण त्या वेळेच्या आड जे बसले होते, ते बघून तिचं डोकं फिरलं होतं. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. आता पापणी लवायच्या आत उघडेल असं करते. मग कोणतं कारण काढता ते बघू.

त्याच संध्याकाळी ती पडवीत लॅपटॉप घेऊन बसली. बाबली जाळ्याची वीण तपासत पायरीवर बसला होता.

"म्हंजे आता केलंस काय तू?" त्यानं विचारलं.

"फाइल आसा थयच आसा. पण तिची एकेक नक्कल मुंबैत, चेन्नैत, दिल्लीत रवतली. जो उघडतलो, तेका जवळची नक्कल मेळतली. लांब जाऊक नको."

बाबलीनं डोकं खाजवलं. "आपला म्हावरा कोल्हापुराक बर्फात घालून ठेवतत, तसा."

"अगदी तसाच."

"हय होडी रिकामी झाली तरी कोल्हापूरवालो आपलो खाता."

"बर्फ आसा तवसर. मी तीस दिवसांचो बर्फ घातलंय."

"बघ!" बाबलीनं मांडीवर थाप मारली. "धाव्वी नापास आसंय, पण तुझ्या धंद्यात पडूक काय हरकत नाय."

लिंक कचेरीला गेली आणि संघाच्या सात कमिटीवाल्यांना गेली. आधी सगळ्यांनी तो व्हिडिओ मोबाइलवर, अडखळत, अंगठ्याएवढा पाहिला होता. आता तो सरळ, धुतल्यासारखा उघडायला लागला. आणि म्हणूनच संघाचे अध्यक्ष दाजी यांनी तो आपल्या घरच्या मोठ्या टीव्हीवर लावला.

चौथ्या दिवशी सकाळी दाजी प्राजक्ताच्या दारात उभे होते. सत्तरीचा माणूस, रापणीच्या दोरीनं तळहात दगड झालेले. एरवी वाडीच्या तोंडापासून हाक मारत येणारे दाजी आज न बोलता आत आले आणि खुर्चीवर बसले.

"चेडवा, तुझा मशीन उघड. ता बोटीचा दाखव."

दोन मिनिटं बारा सेकंदांवर त्यांनी पडद्यावर तर्जनी टेकवली. बोट वळत होती. मासे ओढायला लावलेल्या त्या दिव्यांत बोटीवरची माणसंही भर दुपारी उभी असावीत तशी दिसत होती. एक तरुण दोरी गुंडाळत होता. त्यानं मान वर केली, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि थेट बाबलीच्या मोबाइलकडे पाहिलं.

प्राजक्तानं त्याला ओळखलं. कौस्तुभ. दाजींचा धाकटा लेक.

"माका गोव्याक हॉटेलात आसंय म्हणान सांगल्यान," दाजी म्हणाले. मग घसा साफ केला. "किती होता ता?"

"काय?"

"तो दिसता तितक्या."

तिनं मोजलं. "अकरा सेकंद."

"तितक्याच काढून टाक."

"दाजीनू, बोटीचो नंबर त्याच अकरा सेकंदात दिसता. तेच्या पायाखालीच. दुसरीकडे खंयच नीट वाचूक येणा नाय."

"रंग दिसता. दिवे दिसतत. सायबाक तितक्या पुरो."

"तेका पुरो?" तिचा आवाज चढला. "तीन तारखा तो आमका उभी करता! नंबर नाय म्हटल्यार तो कागद उचलून टोपलीत टाकतलो, आणि बोटवालो जिल्हाभर पेढे वाटतलो!"

प्राजक्ताला थांबवेना.

"आणि मंगेश दिसलो असतो तर? सत्यवतीकाकीचो मंगेश? तेव्हा इल्लास असतास, काढ म्हणान सांगूक?"

नियम दाजींनीच केला होता. दोन वर्षांपूर्वी, देवळासमोर, सगळ्या वाडीदेखत. ज्या घरचा माणूस एलईडीच्या बोटीवर जाईल त्या घराचा रापणीतला वाटा बंद. रापणीत दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येक घराला मासळीचा वाटा असतो, लंगडा असो, म्हातारा असो, विधवा असो. तो वाटा बंद करणं म्हणजे घराला वाडीतून वजा करणं. नियम लागला तो पहिल्यांदा आणि एकदाच, सत्यवतीकाकीला. तिचा मंगेश तीन महिने बोटीवर गेला, कारण घरात दुसरा कमावता नव्हता. तेव्हापासून वाटे पडताना काकी रिकामी टोपली घेऊन वाळूवर यायची आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. मागायची नाही. नुसती उभी. आणि दाजी तिच्या पाठीमागून वाटे मोजायचे.

"अध्यक्ष मी आसंय," दाजी शेवटी म्हणाले. "फाइल संघाची आसा. काढ."

तिनं काढलं. त्यांच्या डोळ्यांसमोर. अकरा सेकंद कापले, दोन टोकं जोडली, आणि कापलेली फाइल त्याच नावानं वर चढवली. मग क्लाउडवरची मूळ जागा उघडून तिथूनच ती त्यांना चालवून दाखवली. बोट वळायला लागली आणि एकदम वळलेली दिसली. मधलं वळण नव्हतं.

"जुनी?"

"तिच्यारच नवी घातली."

"म्हंजे गेली."

"हयसून गेली."

दाजी उठले. उंबऱ्यात थांबून पाठमोरेच म्हणाले, "तुझो बापूस सा म्हयने खाटेर होतो, तेव्हा तुमचो वाटो घरपोच येय होतो. कोण पाठवी ता इसरा नको."

ते गेले. प्राजक्तानं लॅपटॉप मिटला. मग विहिरीवर जाऊन तिनं एकामागून एक सात-आठ बादल्या पाणी काढलं आणि माडाच्या आळ्यात ओतलं. आळं आधीच भरलेलं होतं.

तारखेला प्राजक्ताबरोबर वाडीतून नऊ माणसं गेली. दाजी, बाबली, कमिटीवाले, आणि का कोण जाणे, सत्यवतीकाकीही. बोटीच्या मालकाचा वकील आधीच येऊन साहेबांसमोर चहा पीत बसला होता. आज साहेब मात्र बैठकीला गेलेले नव्हते. त्यांच्यासमोर रजिस्टर उघडं होतं आणि प्राजक्तानं घुसडलेल्या दोन शब्दांखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

"आमच्या संगणकावर उघडत नाही म्हणता," ते म्हणाले. "चला, आज मीच उघडतो. मोठ्या पडद्यावर लावा रे."

व्हिडिओ क्लिक करताक्षणी सुरू झाला. कारकुनानं भुवया उंचावल्या. समुद्र, काळोख, आणि त्या काळोखात पेटलेलं एक गाव वाटावं अशी बोट. वकिलानं कप खाली ठेवला. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. दाजींनी खांदे सैल सोडले आणि भिंतीला टेकले.

प्राजक्ता पडद्याकडे बघतच नव्हती. ती दाजींकडे बघत होती.

बोट वळायला लागली, वळत राहिली. दोरी गुंडाळणाऱ्या पोरानं मान वर केली, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि भिंतीवरच्या आठ फुटी पडद्यावरून खोलीतल्या प्रत्येकाकडे पाहिलं. त्याच्या पायाखाली नंबर सरकत आला.

"थांबवा," साहेब म्हणाले.

चित्र थिजलं. कारकुनानं नंबर मोठ्यानं वाचला. वकील अर्धा उठला. "साहेब, हे चित्रण कुठलं, कधीचं, काही खात्री नाही. स्पष्टही नाही."

"याच्याहून स्पष्ट काय हवं, वकीलसाहेब? दाढी करताना कापलेलं दिसतंय त्या पोराचं." साहेबांनी चष्मा काढला. "हा पोरगा स्थानिक वाटतोय. सापडला तर मालकाचं नाव सांगेल. तुमच्यापैकी कोणी ओळखतं याला?"

बाबली छताकडे बघायला लागला. कमिटीवाल्यांतल्या एकाला खोकला आला. सत्यवतीकाकीनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दाजींकडे, आणि पदर खांद्यावर सारखा केला. बोलायचा हक्क कोणाचा असेल तर तिचा होता. तीही बोलली नाही.

"नाही ओळखत? बरं." साहेबांनी कारकुनाला खूण केली. "नंबर घ्या, फाइल उतरवून घ्या, पंचनामा करा. मालकाला आजच नोटीस. पोराचं नाव अज्ञात लिहा."

पायऱ्या उतरताना बाबलीनं दोन्ही हात वर करून आरोळी दिली, पण कोणी साथ दिली नाही म्हणून तो गप्प झाला. माणसं एसटी स्टँडकडे चालायला लागली. दाजी फाटकाजवळ थांबले. प्राजक्ताही थांबली. तिला ठाऊक होतं थांबावं लागणार.

"तू तर माझ्यासमोर कापलंस," दाजी म्हणाले.

"कापलंय. मूळ फाइल कापलेलीच आसा. अजून जाऊन बघा."

"मगे भितीर दिसलो तो कोण?"

"जुनी नक्कल. मुंबैच्या मशीनीत उरलेली. कचेरीक ती जवळ पडता."

दाजींनी ते समजून घेतलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही. आयुष्यभर त्यांनी मासळी बर्फात घालून घाटावर पाठवली होती.

"ती आपसूक ऱ्हवली?"

"तीस दिवस ऱ्हवता."

"आणि काढूक येणा नाय?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तिला खोटं बोलता आलं असतं. या माणसाला काय कळणार होतं?

"येता," ती म्हणाली.

"किती वेळ लागता?"

"पाच मिनिटां."

ती त्यांच्या शिव्यांची वाट बघत होती. बापाचा वाटा, सहा महिने, केलेले उपकार, सगळं ते आता फाटकात उभं राहून बाहेर काढणार, आणि त्या प्रत्येकाला द्यायचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. अकरा दिवस ती उत्तरं घोटत होती.

दाजींनी फक्त डोक्यावरची टोपी काढली, तिच्यातली वाळू झटकली, पुन्हा घातली, आणि ते कचेरीच्या पायऱ्या चढायला लागले.

"दाजीनू!" तिनं हाक मारली. ते वळले नाहीत. ती चार पायऱ्या त्यांच्यामागे धावली आणि दारापाशी अडकली. आतून त्यांचा आवाज आला, कचेरीत काढायचा तो ठेवणीतला, एकेक शब्द वेगळा करून बोललेला.

"त्या अज्ञाताचं नाव लिहून घ्या. मी सांगतो."

"अरे वा. सांगा," कारकून म्हणाला. की-बोर्ड वाजला. "कौस्तुभ... पुढे? वय? बरं. आणि तुम्ही याला कसे ओळखता? नातं काही?"

उत्तर दारापर्यंत पोचलं नाही. की-बोर्ड थांबला होता. पंखा फिरत होता तेवढाच आवाज, आणि मग एक खुर्ची सरकवल्याचा.

"बसा काका," कारकून म्हणत होता. "आधी बसा तुम्ही."