दुसरी मूठ

माझा धाकटा भाऊ ईश्वर बोलायला लागला की थांबत नाही, आणि त्या दिवशी तर मांडवच त्याचा होता. त्याचा चंदन डेंग्यूतून उठला म्हणून धुळ्याच्या बंगल्यावर उपकारस्तुतीची उपासना ठेवली होती. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, गाणी झाली, मग ईश्वर साक्ष द्यायला उभा राहिला.

"आम्ही कमाईचा दशांश कधी चुकवला नाही," तो म्हणाला. "म्हणून देवाने आमचं लेकरू राखलं. जो देवाला विसरत नाही, त्याला देव रिकाम्या हाती ठेवत नाही."

सगळे आमेन म्हणाले. मला मात्र विचारावंसं वाटलं, की बाबा रे, रक्ताच्या पिशव्या आणायला जळगावला कुणाची गाडी पळाली, आणि दवाखान्यात स्वतंत्र खोली कुणाच्या ओळखीने मिळाली? देवाचे आभार मानायला माझी ना नव्हती. पण हा आभार मानत नव्हता, माल पोचल्याची पावती फाडत होता.

जेवणाच्या रांगेत तो स्वतः वाढायला उभा होता. चमेलीबाई त्याच्यासमोर आली. मूळची सातपुड्याच्या पायथ्याची, नवऱ्याबरोबर नरडाण्याला मजुरी करते, रविवारी आमच्याच मंडळीत मागच्या बाकावर बसते. त्याच पावसाळ्यात, त्याच तापाने तिचा मुलगा लखन गेला होता. ईश्वर मातीला आला होता, रडलाही होता. साक्ष देताना मात्र साफ विसरला.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "मी बी रोज मूठ काढस. लखन आजारी व्हता तवय बी काढी. मन्हं काय कमी पडनं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. भाकरी करण्याआधी पिठातली एक मूठ देवासाठी डब्यात टाकायची आणि रविवारी मंडळीत आणायची, ही आमच्या आईचीही रीत होती. आमचा दशांश आता मोबाइलवरून जातो.

ईश्वरच्या हातातली पुरी हातातच राहिली. "मला तसं म्हणायचं नव्हतं," एवढंच तो बोलला. मागून कुणीतरी "चला, पुढे सरका" म्हणालं, आणि ती सरकली.

 त्यानंतर एका सकाळी ईश्वर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अक्का, मी त्या बाईचं काय करून ठेवलं?" मला त्याची दया आली आणि रागही आला. "मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "तिच्या दारात जा." एकट्याने जायचा धीर नव्हता, म्हणून मलाही गाडीत बसवलं.

चमेलीबाई भाकरीच्या तयारीला लागली होती. तिची धाकटी मुलगी कामिनी चुलीशी बसली होती. ईश्वर उंबऱ्यावरच टेकला आणि कित्येक वर्षांनी घरच्या बोलीत बोलला.

"चमेलीबाई, मी चुकीचं बोलनू. चंदन मन्हा पैसामुये वाचना नही. देवनी कृपा इकत भेटस नही. तुमनं काहीच कमी पडनं नही."

"हां भाऊ," ती म्हणाली. कामावर मुकादमाला म्हणतात तसं.

मग तिने पिठातली मूठ भरून डब्यात टाकली. कामिनीकडे पाहिलं, आणि पुन्हा मूठ भरली.

"दोन का गं?" मी विचारलं.

"एक पहिलेपाईन काढस, अक्का. हाई कामिनीना जीवकरता."

परातीत जेमतेम दोन भाकरींचं पीठ उरलं होतं. तिला अडवायला ईश्वरचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. मूठ देवाच्या नावाची होती. ती परत घ्या, असं तो आता कुठल्या तोंडाने सांगणार होता?